पेन्सिलवाली

पोस्टकार्ड अजून मिळतं हेच मला माहीत नव्हतं. शहराच्या टोकाला, मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनने ते दोन बोटांत धरून वर आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत तो दारातच थांबला. त्याने ते लिफ्टमध्येच वाचलेलं होतं. मजकूर असा होता: "आपण गेली नऊ वर्षे वाचनालयातून एकही पुस्तक नेलेले नाही. प्रतीक्षायादीत वाचणारी माणसे आहेत. सबब महिनाअखेर आपले नाव सभासदांतून कमी करण्यात येईल. काही म्हणणे असल्यास समक्ष यावे. फोन करू नये." शेवटच्या वाक्याखाली रेघ मारलेली होती.

वॉचमन वर्ध्याकडचा. "काहून काढून राह्यले जी तुमचं नाव?" त्याने काळजीने विचारलं.

"वाचत नाही म्हणून," मी म्हणाले, आणि ते स्वतःच्या तोंडून ऐकताना माझे कान गरम झाले.

हे वाचनालय पेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जागा जेवढी तेवढीच पुस्तकं आणि पुस्तकं झेपतील तेवढेच सभासद, असा तिथला बाणा. कोणाचं नाव कमी झालं तरच नवा माणूस आत येतो. मी सतराव्या वर्षी यादीत नाव घातलं आणि एकोणिसाव्या वर्षी आत शिरले. सभासद क्रमांक एकशे अठरा. पुढे लग्नात आडनाव बदललं, पत्ता चार वेळा बदलला, नोकरी लागली आणि संपली, पण एकशे अठरा तसाच राहिला. वर्गणी भरायला मी दरवर्षी न चुकता जायचे, दाराशीच्या कारकुनाकडून पावती घ्यायचे आणि आत न जाता, पुस्तक न घेता जिना उतरायचे. नऊ वर्षं.

का, म्हणून विचाराल तर काही मोठं कारण नाही. लोकांना कारण लागतं. आजारपण, दुःख, काहीतरी. माझं तसं काही झालं नाही. मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं बिल्ट्या लिहिल्या. बिल्टी म्हणजे मालाबरोबर ट्रकवाल्याला द्यायचा कागद, कोणाच्या गोण्या, कुठून, कुठे. खाली तीन कार्बन असायचे. चौथ्या प्रतीवर उमटेल इतकं दाबून आणि ड्रायव्हरला चालत्या ट्रकमध्ये वाचता येईल इतकं मोठं लिहावं लागायचं. सुरुवातीची वर्षं मी ऑफिसला जाताना-येताना बसमध्ये वाचायचे. मग संध्याकाळी डोळे थकायला लागले. मग हातात मोबाइल आला. मग एक दिवस लक्षात आलं की आपण वाचत नाही, आणि ते लक्षात आल्याचंही मी दुसऱ्या दिवशी विसरून गेले. इतकं साधं आहे ते.

आमच्या ह्यांनी पोस्टकार्ड उलटसुलट करून पाहिलं. हे हडपसरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून टीव्हीसमोर बसून देश चालवतात.

"बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले. "वाचणारी माणसं ताटकळलीत म्हणे. तू कशाला अडवून ठेवतेस? तुला आता जमायचं नाही ते. दोन मिनिटांच्या वर तू काही बघत नाहीस."

खरं बोललेलं जितकं झोंबतं तितकं खोटं बोललेलं झोंबत नाही. मी पोस्टकार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं. "उद्या समक्ष जाते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हडपसरच्या गाडीतळाला बस बदलून मी पेठेत पोचले. जिना तोच, वास तोच. ग्रंथपाल मात्र नव्या. नव्या म्हणजे माझ्यासाठी नव्या, एरवी त्यांच्या खुर्चीची गादी पार दबलेली होती. चाळिशीच्या असतील. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक जुनी पाटी: "पुस्तकात लिहिणाऱ्याने स्वतःचे पुस्तक छापावे. येथील सभासदत्व तत्काळ रद्द होईल."

"हे काय पाठवलंय?" मी कार्ड टेबलावर ठेवलं.

"मराठीतच आहे," त्या म्हणाल्या.

"माझी वर्गणी थकलीय का?"

"वर्गणी नाही. वाचन थकलंय."

"घरी वाचते मी." हे साफ खोटं होतं.

"अरे वा. सध्या काय वाचताय आपण?"

मी त्यांच्या मागच्या कपाटाकडे पाहिलं. एखादं नाव दिसेल तर सांगावं, एवढाच हेतू. पण कपाटाच्या काचेत मीच दिसत होते. मला एकही नाव सुचलं नाही. त्यांनी पुरेसा वेळ वाट पाहिली, एवढं त्यांच्याबद्दल म्हणायला हवं.

"महिनाअखेरपर्यंत मुदत आहे ना?" मी म्हणाले. "मग महिनाभर वाचते. तुमच्या डोळ्यांसमोर नेते आणि आणते."

"नेणारे-आणणारे पुष्कळ असतात, काकू. कित्येक पुस्तकांना नुसता बसचा प्रवास घडतो. आपण परत आणाल तेव्हा मी एक प्रश्न विचारेन. उत्तर आलं तर पुढचं पुस्तक. महिनाभर हे चाललं, तर एकशे अठरा आपला."

"परीक्षा घेणार माझी? या वयात?"

"यादीत एक आजोबा आहेत, एक्क्याऐंशीचे," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं नाही वय."

निवडत बसले असते तर मी पातळ पुस्तक शोधलं असतं, हे मला माझ्याबद्दल ठाऊक होतं. म्हणून ठरवलं, निवडायचंच नाही. टेबलाच्या टोकाला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग होता, अजून कपाटात न गेलेला. त्यातलं सगळ्यात वरचं मी उचललं. जे येईल ते. महिनाभर हाच नियम.

पहिली निघाली रहस्यकथा. मला वाटलं, सुटले.

घरी येऊन गॅलरीत खुर्ची टाकली. आमच्या गॅलरीतून दोन टॉवरच्या मध्ये उरलेला उसाचा एक पट्टा दिसतो. पुस्तक उघडलं. पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानावर हात आपोआप मोबाइलकडे गेला. कोणाचा निरोप नव्हता, काही नव्हतं, नुसता हात गेला. परत पुस्तक. कोण कोणाचा भाचा ते विसरले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा हात. मला माझ्याच हाताची चीड आली. शेवटी मोबाइल तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावलं. अर्ध्या तासाने डबा वाजायला लागला आणि हे स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ फ्रिजमागे शोधत राहिले.

एवढं करून मी पान बारावर पोचले. तिथे समासात, बारीक, ताठ, टोकदार अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "खुनी डॉक्टर आहे. वेळ वाचवा."

मी पुस्तक मिटलं. आधी संताप आला. मग, कबूल करते, हायसं वाटलं. खुनी कळला होता. बाईंचा प्रश्न दुसरा कुठला असणार?

दोन दिवसांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उघडलंसुद्धा नाही. "खुनी कोण?"

"डॉक्टर," मी लगेच म्हणाले.

"ते पान बारावर आहे. कशाने मारलं?"

मागे रांगेत दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकाने खोकल्यासारखं केलं. मी पुस्तक परत उचललं आणि जिना उतरले. एकतीस वर्षं ट्रकवाल्यांच्या, हमालांच्या, व्यापाऱ्यांच्या तोंडाला तोंड दिलेली बाई मी, आणि एका चाळिशीतल्या बाईने मला कॉपी करताना पकडलं होतं.

त्या दिवशी बसमध्ये खिडकीपाशी बसून मी वाचायला लागले ते फक्त रागाने. त्या पेन्सिलवाल्याला खोटं पाडायचं म्हणून. डॉक्टर नसेलच, मी सिद्ध करून दाखवते, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि गंमत अशी की खुनी ठाऊक असल्यामुळे मी डॉक्टरवरच नजर ठेवून होते. तो प्रत्येक पानावर इतका सभ्य वागत होता की अंगावर काटा यायचा. सगळ्यांना धीर देतोय, विधवेला चहा करून देतोय. ऐंशी पानं झाली तेव्हा मला कळलं की माझा हात मोबाइलकडे गेलेला नाही.

"बत्त्याने," तिसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं. "दवाखान्यातल्या खलबत्त्याचा बत्ता. आणि नंतर त्याच बत्त्याने त्याने तिच्या औषधाची पूड केलीय. ते तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते."

त्यांनी शिक्का मारला. "पुढचं घ्या."

पुढचं होतं हिमालयातलं प्रवासवर्णन. बाहेर वैशाख नुसता भाजत होता आणि हा लेखक बर्फात तंबू ठोकत होता. चाळिसाव्या पानावर पुन्हा तेच अक्षर: "हे गृहस्थ घरात बसून लिहितात. यांना थंडी वाजत नाही." मी चवताळले. मला वाजली होती! आदल्याच पानावर त्याच्या बुटाची नाडी गोठून मोडते, तेव्हा मी मांजरीच्या उन्हात पाय आखडून घेतले होते. "तुला नसेल वाजली," मी मोठ्याने म्हणाले. हे टीव्हीसमोरून वळून म्हणाले, "कोणाशी भांडतेस?" मी म्हटलं, "आहे एकजण."

असं ते सुरू झालं. मी वाचत होते ते भांडायला. प्रत्येक पुस्तकात ही पेन्सिल नसायची, पण असली की मी त्या समासाकडे टपून बसायचे. आता काय अक्कल पाजळली असेल बघू. आणि पेन्सिल नसलेलं पुस्तक आलं की थोडं चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बायका विचारायच्या, परीक्षेला बसलात का? एक म्हणाली, तीही वाचते, पण रोज दहा मिनिटं आणि फक्त आयुष्यात यशस्वी कसं व्हायचं त्याचं. मी म्हणाले, मी सध्या सापांचं वाचतेय. ती थोडी सरकून बसली.

सापांचं पुस्तक हे माझ्या वाट्याला आलेलं चौथं. लहानपणापासून मला सापाच्या चित्राचीही भीती. पण नियम म्हणजे नियम. त्यात पेन्सिलवाल्याने एकच ओळ लिहिली होती, शेवटच्या पानावर: "घाबरत वाचले. मग घाबरले नाही." ही ओळ मला आवडली, आणि त्याचाच राग आला. एक गोष्ट त्या ओळीतून कळली, हा पेन्सिलवाला नव्हता. पेन्सिलवाली होती.

त्याच आठवड्यात आमच्या पार्किंगमध्ये साप निघाला. शेजारचा अर्धा ऊस तोडला होता, ते बिचारे जाणार कुठे? वॉचमन काठी घेऊन उभा, भोवती पंधरावीस माणसं, अर्धे व्हिडिओ काढतायत. "मारू का जी?" त्याने विचारलं. मी पुढे झाले. डोकं बघितलं, डोळे बघितले, शेपटीपर्यंत नजर नेली. "धामण आहे. विष नाही तिला. काठी खाली कर," मी म्हणाले. कोणीतरी मागून म्हणालं, काकू, नक्की का? मी म्हटलं, नक्की, आणि ज्याला शंका आहे त्याने पुस्तक वाचावं. धामण कुंपणाखालून सरळ उरलेल्या उसाकडे निघून गेली.

"चला, काहीतरी उपयोग झाला वाचनाचा," हे म्हणाले.

"उपयोगासाठी नव्हतं वाचलं," मी म्हणाले. मला ते वाक्यच सहन होत नाही. टीव्ही बघण्याचा उपयोग कोणी विचारत नाही, चहाचा विचारत नाही. बाई पुस्तक घेऊन बसली की मात्र सगळ्यांना उपयोग आठवतो.

मग आली एक जाडजूड कादंबरी. प्रेम, ताटातूट, सगळं भरपूर. तिच्यात नायिकेचे वडील जातात. माणसं जमलेली असतात, आणि ही घरभर त्यांचा चष्मा पुसायचा कपडा शोधत हिंडते, कारण चष्म्यावर धूळ आहे. समासात टोकदार अक्षर: "इतके कोणी रडत नाही. लेखिकेला पाने भरायची आहेत."

मी हडपसरच्या सिग्नलला, भरलेल्या बसमध्ये, उघड उघड रडत होते. माझे वडील गेले त्या सकाळी मी त्यांच्या डब्याचं झाकण शोधत होते. ते सापडेना म्हणून मी आईवर ओरडले होते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. आणि ही कोण भवानी मला सांगणार की इतकं कोणी रडत नाही? शेजारच्या मुलीने कानातला इअरफोन काढून मला पाणी पुढे केलं. मी ते घेतलं आणि समासाकडे बघून मनात म्हणाले, बाळ, तू अजून काही पाहिलेलं नाहीस. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की ही पेन्सिलवाली वयाने लहान आहे. राग थोडा कमी झाला. फार नाही.

कादंबरी परत करताना मी बाईंकडे तक्रार केलीच. "ही पेन्सिलवाली कोण आहे हो? तुमची एवढी पाटी भिंतीवर, आणि ती खुशाल लिहितेय."

"लिहितेय नाही, लिहिलंय. फार जुनं आहे ते," बाई म्हणाल्या. "पाटी तिच्याचमुळे लागली. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी लावली. मला खुर्ची देताना ते म्हणाले होते, ही कधी सापडली तर नाव काढल्याशिवाय राहू नका."

"काढायलाच पाहिजे," मी म्हणाले. "एका मिनिटात काढायला पाहिजे."

त्यानंतर जुन्या काळच्या पाककृती झाल्या. लहान मुलांचं एका माकडाचं पुस्तक झालं, ते मी दोनदा वाचलं. मधमाश्यांवरचं झालं. एका बोटीवरच्या खलाशाच्या आठवणी झाल्या. एक नाटकही आलं. नाटक एकटीने वाचवेना, म्हणून ह्यांना म्हटलं, तुम्ही सावकाराचं काम वाचा. ह्यांनी टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा घालवला. पण दुसऱ्या अंकात सावकार इतका भडकला की शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा अकरावं पुस्तक हातात होतं. एका खेड्यातल्या सुईणीची गोष्ट. बारीक टाइप, पिवळी पानं, आणि इतकं सुंदर लिहिलेलं की मी मुद्दाम हळू वाचत होते. एकशे छत्तीस पानं झाली तरी समास कोरे. मला वाटलं, हिला बोलायला जागाच सापडली नाही. पान उलटलं. एकशे सदतीस. तळाला, ताठ, टोकदार, पण थोडं हललेलं अक्षर:

"स्वारगेटला उतरायचे होते. कात्रजला पोचले. शेटना सांगितले, बस बंद पडली. लेखक जबाबदार."

मी ते तीनदा वाचलं. मग पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि उसाकडे बघत बसले.

एकतीस वर्षांत मी ऑफिसला एकदाच उशिरा पोचले. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. पेठेतून कात्रजची बस धरायची, स्वारगेटला उतरायचं आणि चालत मार्केट यार्ड गाठायचं, हा रोजचा रस्ता. त्या दिवशी डोकं वर केलं तेव्हा कंडक्टर म्हणत होता, बाई, गाडी इथून पुढे जात नाही. धापा टाकत ऑफिसात आले. शेट दारातच उभे. मी म्हटलं, बस बंद पडली. जेवणाच्या सुट्टीत गोण्यांच्या आडोशाला बसून मी पेन्सिल काढली.

ते अक्षर माझं होतं. तीन कार्बनवर दाबून लिहिण्याची सवय लागायच्या आधीचं. मोठं आणि ठळक व्हायच्या आधीचं. अक्षर बदललं, आणि ती पुस्तकं, ती पेन्सिल मी विसरूनही गेले होते. बत्त्याचा खून माझ्यामुळे उघडा पडला होता. थंडी मला वाजली नव्हती. इतकं कोणी रडत नाही, असं मीच म्हटलं होतं, कारण तेव्हा वडील डबा घेऊन रोज सायकलवर जात होते आणि कायम जाणार होते.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला तिचा हेवा वाटला. केवढा माज त्या पोरीला! नोकरी कच्ची, पगार तुटपुंजा, आणि लेखकाला जबाबदार धरतेय. आठवड्याला तीन पुस्तकं फस्त करत होती आणि प्रत्येकाशी भांडत होती. तिला मी नऊ वर्षं उपाशी ठेवलं. हे वाक्य मनात आलं आणि मग मात्र मला रडू आवरेना.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदा या महिन्यात टीव्ही खरोखर बंद केला. "गप्प राहायचं," हे म्हणाले. "परवा महिना संपतोय. नाव राहतंय तुझं. कोणाला कळणार आहे? पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट."

"महिनाभर मी तिला शिव्या घातल्या. तिचं नाव एका मिनिटात काढा म्हणून सांगून आले. आता ती मीच निघाले, तर गप्प बसू?"

"मग नाव जाईल."

"जाऊ दे. ती सगळं लिहून गेली, फक्त स्वतःचं नाव लिहायचं टाळलं तिने. तेवढी एकच भीती होती तिला. ती मी घालवते."

ह्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा हे म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हणाले.

बाईंनी पुस्तक घेतलं आणि विचारलं, "सुईण शेवटी गाव का सोडत नाही?"

"तिच्या हातांनी जन्मलेली माणसं तिथेच राहतात. आणि तिला त्यांच्याशी भांडायचं असतं," मी म्हणाले.

त्या हसल्या. महिन्यात पहिल्यांदा. शिक्का उचलला. "झालं, काकू. एकशे अठरा आपला."

"थांबा. शिक्का ठेवा." मी पान एकशे सदतीस उघडून त्यांच्यासमोर सरकवलं. "ही पेन्सिलवाली मी आहे. बारावर खुनी लिहिणारी मी. प्रवासवर्णनात मी, कादंबरीत मी. आणखी कुठे कुठे असेन मला आठवत नाही. तुमची पाटी माझ्यासाठीच आहे. काढा नाव."

बाईंनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. खण उघडला, रजिस्टर काढलं, माझं पान काढलं. बोलणं सोपं असतं. एकोणिसाव्या वर्षी त्या पानावर नाव चढलं तेव्हा मी जिना दोन दोन पायऱ्या उतरले होते, आणि आता ते नाव माझ्याच डोळ्यांसमोर खाली जाणार होतं. पण मी मान खाली घातली नाही.

त्यांनी नाव खोडलं नाही. खणातून एक पांढरं खोडरबर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"नियम असा आहे," त्या म्हणाल्या, "की पुस्तकाचं नुकसान भरून दिल्याशिवाय सभासदाला सोडता येत नाही. आपण लिहिलंत, आपण खोडायचं. किती पुस्तकांत लिहिलंय?"

"सांगितलं ना, आठवत नाही. तेव्हा आठवड्याला तीन वाचायचे."

"म्हणजे जुनी सगळीच बघावी लागतील. पानन् पान. चाळून चालणार नाही, बारीक अक्षर आहे. एका वेळी एकच मिळेल. परत आणताना प्रश्न विचारेन. सगळं पूर्ण झालं की त्या दिवशी नाव काढू." त्यांनी शिक्का मारला. "पुढचं घ्या. मागे लोक उभे आहेत."

घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते. "काय झालं?"

"शिक्षा झाली."

"किती?"

"जन्मठेप," मी म्हणाले आणि चपला काढल्या.

आता गॅलरीत खुर्चीच्या हातावर ते खोडरबर असतं. चौदा पुस्तकं झाली. डॉक्टरचं नाव मी पुसलंय, पुढच्या वाचणाऱ्याने आपला आपण घाम गाळावा. प्रवासवर्णनातलंही पुसलं, कारण तिथे ती चुकली होती. रडण्याबद्दलचं पुसताना बराच वेळ गेला. पण पान एकशे सदतीस मी पुसलेलं नाही आणि पुसणारही नाही, हे बाईंना तोंडावर सांगून आले आहे. त्या म्हणाल्या, मग काम अपुरं राहील. मी म्हणाले, राहू दे.